सोळा सप्टेंबरची नोंद

लिनक्स कर्नेलच्या भांडारात १६ सप्टेंबर २०१८ या रविवारी एक बदल दाखल झाला. त्यात प्रोग्रॅमची एकही ओळ नव्हती. कागदपत्रांच्या कप्प्यातली ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ही छोटी फाइल काढून तिच्या जागी ‘कोड ऑफ कंडक्ट’ ही बरीच मोठी फाइल ठेवली होती. खाली सात सह्या होत्या: ख्रिस मेसन, डॅन विल्यम्स, जोनाथन कॉर्बेट, ओलोफ योहान्सन, स्टीव्हन रॉस्टेट, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स. सोबतचं स्पष्टीकरण मोजक्या वाक्यांचं. सभ्यपणा वाढावा हा आधीच्या फाइलचा हेतू साधला नाही, स्पष्ट लिहिलेल्या नियमांचा इतर प्रकल्पांना उपयोग झालेला दिसतो, तेव्हा यापुढे हे नियम पाळू या, एवढाच त्याचा आशय.

त्यावरून पुढचे पाच आठवडे जे रण माजलं, ते कागदांवरून मांडण्याचा हा प्रयत्न. बारामतीच्या भिगवण चौकात किंवा इंदापूरच्या एसटी स्टँडवर ज्याच्या हातात अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या हातात हेच कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम, आहे. ते लिहिणारी माणसं आपापसांत कशी बोलतात, हा त्यामुळे अगदीच परक्यांचा विषय राहत नाही.

कागद कोणते, ते आधी सांगायला हवं. कर्नेलचा इतिहास ‘गिट’ या व्यवस्थेत साठवलेला असतो. टोरवाल्ड्सनी ती २००५ साली स्वतःच लिहिली. प्रत्येक बदलाला लेखक, तारीख, कारण आणि सह्या असतात, आणि मागाहून गुपचूप खाडाखोड केली तर पुढची साखळी तुटते. एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे सुरू केले, तेव्हा २००४मध्ये सहीची ही पद्धत आली. त्यामुळे सहीला कायदेशीर वजन आहे. दुसरा साठा सार्वजनिक पत्रव्यवहाराचा. विकासकांची जवळजवळ सगळी चर्चा उघड ईमेलवर चालते आणि ती जपली जाते. इतकं भरघोस दफ्तर पेशव्यांच्या अभ्यासकांनाही हेवा वाटावा असं. पण या दफ्तराला एक मोठं भोक आहे. १६ सप्टेंबरच्या आधी त्या सात जणांत काय बोलणं झालं, पहिला मसुदा कोणी काढला, कोणी नाराजी दाखवली, यातलं काहीही उघड पत्रव्यवहारात नाही. एरवी एक स्वल्पविरामाचं चिन्ह बदलायचं तरी पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, सर्वांपुढे ठेवावा लागतो आणि चार लोक त्याला नाकं मुरडतात. हा बदल तसा कोणापुढे ठेवला गेला नाही. वादाची ठिणगी मजकुराइतकीच या मौनातून पडली, असं मला कागद वाचून वाटतं.

मागे जायला हवं. टोरवाल्ड्सचा तापटपणा आधीपासून दंतकथेसारखा होता. २३ डिसेंबर २०१२चं त्यांचं एक पत्र फार गाजलं. एका बदलामुळे लोकांच्या संगणकावरचे आवाजाचे प्रोग्रॅम बिघडले होते, आणि त्या भागाचं काम पाहणाऱ्या ज्येष्ठ मेन्टेनरने दोष कर्नेलचा नसून त्या प्रोग्रॅमांचा आहे असं उत्तर दिलं. टोरवाल्ड्सनी त्यांना मोठ्या अक्षरांत तोंड बंद करायला सांगितलं. पत्रातला मुद्दा शंभर टक्के बरोबर होता: कर्नेल बदललं म्हणून वापरणाऱ्याचं चालू काम मोडता कामा नये, हा लिनक्सचा पहिला नियम. भाषा मात्र चव्हाट्यावरची. पुढे दोन्ही बाजूंनी याच पत्राचा दाखला दिला. एकांनी म्हटलं, बघा, दर्जा असा टिकतो. दुसऱ्यांनी म्हटलं, हेच वाक्य शिवीशिवाय लिहिता आलं नसतं का?

पहिला उघड प्रतिवाद जुलै २०१३चा. कर्नेलच्या स्थिर आवृत्तीत नको ते पॅच येतात, यावर चर्चा चालली होती. टोरवाल्ड्सनी ती आवृत्ती सांभाळणाऱ्या क्रोआ-हार्टमन यांना सल्ला दिला की तुम्ही फार मऊ वागता, लोकांवर ओरडायला शिका. चेष्टेचाच सूर होता, इतरांनीही त्यात भर घातली. त्या चेष्टेत इंटेलमधल्या सेज शार्प यांनी हस्तक्षेप केला. तेव्हाच्या कागदांवर त्यांचं नाव सारा शार्प असं आहे. यूएसबी ३.०च्या कर्नेलमधल्या भागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, म्हणजे बाहेरून आलेलं कोणी उपदेश करत होतं असं नाही. शाब्दिक मारहाणही मारहाणच आहे आणि ती चालणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्या पत्रात त्यांनी स्वतःही एक इंग्रजी शिवी वापरली आहे, आणि विरोधकांनी ती पुढे अनेकदा दाखवली. टोरवाल्ड्सचं उत्तर लांबलचक आहे. खोटा सभ्यपणा मला जमत नाही, ऑफिसातली गोडगोड भाषा म्हणजे पाठीमागून वार करण्याची सोय, माझ्या मनात काय आहे ते लोकांना नीट कळायला हवं, असा त्याचा रोख. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या सभांत ज्यांनी ‘माननीय’ म्हणून सुरू झालेली भाषणं ऐकली आहेत, त्यांना त्याचं मर्म कळेल.

दोन वर्षांनी, मार्च २०१५मध्ये, तडजोड म्हणून ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ आला. नावातच मिश्किलपणा आहे: वर्तनाची नव्हे, भांडणाची संहिता. मजकूर पानभराहून कमी. तुमच्या कामाची चिरफाड होईल, ती काम चांगलं व्हावं म्हणून होते, हे सुरुवातीलाच बजावलेलं. त्यानंतर, कोणाला व्यक्तिशः अपमान किंवा धमकी जाणवली तर लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवा, ते शक्य तितका प्रयत्न करतील, असं आश्वासन. शेवटी एका विनोदी अमेरिकी चित्रपटातलं एकमेकांशी छान वागा अशा अर्थाचं वाक्य. अनेक नामांकित विकासकांनी त्यावर संमतीच्या सह्या केल्या. तक्रार आली तर मंडळ नेमकं काय करणार, काय करू शकणार, किती दिवसांत, हे कुठेच नाही. भांडणं कशी करावीत यावर भरपूर आणि ती मिटवायची कशी यावर एक ओळ, असा हा दस्तऐवज.

ऑक्टोबर २०१५मध्ये शार्प यांनी आपण कर्नेलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. यूएसबीची जबाबदारी त्यांनी आदल्या वर्षीच दुसऱ्याकडे दिली होती. त्यांच्या निवेदनात रागापेक्षा थकवा जास्त आहे. तांत्रिकदृष्ट्या कठोर पण माणूस म्हणून आदराने बोलणारा समुदाय हवा होता, तो इथं मिळत नाही, असं शार्प लिहितात. भांडणाच्या संहितेला तेव्हा सातच महिने झाले होते. निघून जाताना ज्यांनी निवेदन लिहिलं नाही, त्यांची नोंद अर्थातच कुठे नाही.

इथं एक शब्द उलगडायला हवा, मेन्टेनर. नीरा डाव्या कालव्यावरच्या गावांना तो समजावणं सोपं आहे: मेन्टेनर म्हणजे पाटकरी. कर्नेलचे शेकडो भाग, प्रत्येकाचा एक राखणदार. कोणाचा पॅच आत घ्यायचा, कोणाचा थांबवायचा, हे दार त्याच्या हाती. फरक इतकाच की इथला प्रवाह उलटा, चाऱ्यांकडून मुख्य कालव्याकडे आणि तिथून टोरवाल्ड्सपर्यंत.

ही तुलना थोडी पुढे न्यायचा मोह आवरत नाही, कारण तिलाही कागदांचा आधार आहे. १८७६-७७च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला हा कालवा १८८५ला सुरू झाला. भाटघरचं धरण, वीरचा बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती करत इंदापूरपर्यंत. त्याआधीच १८७९चा मुंबई पाटबंधारे कायदा झालेला होता, म्हणजे नियमावली पाण्याच्या आधी आली. तरी नियमावलीने भांडण मिटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत मांडली: ठरावीक जमिनीला काही वर्षांच्या पाण्याची हमी, त्यात उसाला मर्यादित वाटा, म्हणजे पाणी थोड्या गावांत न मुरता जास्त गावांना पोचेल. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९५१ला निघालं, त्यात हा हेतू स्पष्ट आहे. आजही सात नंबरच्या नमुन्यात पाणीअर्ज भरावा लागतो, शेजपाळी ठरते, आवर्तन सुटतं, आणि टेलला इंदापूरकडचे शेतकरी विचारतात की पाणी गेलं कुठे. पाणी सगळ्यांना न्यायाने मिळावं, यावर कालव्यावर कोणाचंच दुमत नसतं. दार कोणी उघडायचं आणि उघडणाऱ्याने लबाडी केली तर दाद कोणाकडे मागायची, भांडण तिथे असतं. पाणीवापर संस्थांच्या २००५च्या कायद्याने संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिलं, ते याच अनुभवातून.

कर्नेलच्या वादाचे कागद याच नजरेने वाचले तर ते जास्त उलगडतात. ‘सभ्यपणा हवा की नको’ असं ज्याचं वर्णन बातम्यांत झालं, तो वाद मुळात निवाड्याच्या अधिकाराचा होता.

आता पुन्हा सप्टेंबर २०१८. मोजक्या मेन्टेनरांची वार्षिक बैठक नोव्हेंबरात कॅनडातल्या व्हँकुव्हरला ठरली होती. टोरवाल्ड्सनी तारखांची गफलत करून त्याच दिवसांत कुटुंबासह स्कॉटलंडची सहल आखली. त्यांच्याशिवाय बैठक घ्यावी की कसं, यावर खल झाला आणि शेवटी बैठकच एडिंबरोला हलवली. १६ तारखेला ४.१९ आवृत्तीची चौथी चाचणी प्रत जाहीर करताना त्यांनी हे सगळं लिहिलं. आपल्याशिवाय बैठक झाली असती तर सुटलो असतो असं आपल्याला वाटत होतं, हेही लिहिलं. मग मुख्य गोष्ट: ईमेलमधले माझे हल्ले अव्यावसायिक आणि अनावश्यक होते, माझ्यामुळे कोणी कर्नेल सोडलं असेल तर त्याची मी माफी मागतो, काही काळ बाजूला होतो, लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेतो. गिट लिहिण्यासाठी पूर्वी असाच थांबलो होतो, हा दाखलाही आहे. माणूस माफी मागतानाही तांत्रिक पूर्वोदाहरण देतो, हे मला फार आवडलं.

तीन दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ‘न्यू यॉर्कर’ने त्यांच्या शिवराळ पत्रांवरचा लेख छापला. त्यासाठी त्यांच्याकडे आधीच विचारणा झाली होती. लेखाच्या भीतीने माफी आली, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. उघड कागदांवर क्रम दिसतो, कारण दिसत नाही. पत्रात दिलेलं कारण बैठकीच्या घोळाचं आहे. मी दोन्ही नोंदवून थांबतो.

नवी संहिता कर्नेलवाल्यांनी स्वतः लिहिलेली नव्हती. कोरलाइन एडा एहमके यांनी २०१४मध्ये तयार केलेल्या ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ची १.४ ही आवृत्ती थोड्या फेरफारांनी घेतली होती. तोवर हजारो प्रकल्पांनी ती उचलली होती. वय, शरीराची ठेवण, अपंगत्व, वंश, लिंगभाव, शिक्षण, आर्थिक स्थिती, राष्ट्रीयत्व, धर्म अशी लांब यादी देऊन या कशावरूनही कोणाचा छळ होऊ नये, असं ती म्हणते. मराठी वाचकाची नजर या यादीत एका शब्दासाठी फिरेल आणि रिकामी परतेल: जात. १.४मध्ये जात नाही. ती २०२१च्या २.१ आवृत्तीत आली. या त्रुटीवर २०१८च्या गदारोळात झगडा झाला नाही. भांडणारे बहुतेक अमेरिका-युरोपातले होते, आणि त्यांची भांडणं त्यांच्या समाजाची होती.

विरोधकांतले काही निव्वळ उपद्रवी होते, त्यांची पत्रं वाचून वेळ जातो. पण गंभीर आक्षेपही होते आणि ते संहितेच्या शब्दांवर बोट ठेवून घेतलेले होते. एक कलम सांगत होतं की परवानगीशिवाय दुसऱ्याचा खासगी तपशील, मग तो घराचा पत्ता असो की ईमेलचा, प्रसिद्ध करणं हे गैरवर्तन. कर्नेलच्या प्रत्येक बदलावर लेखकाचा, तपासणाऱ्याचा, चूक कळवणाऱ्याचा ईमेल पत्ता छापलेला असतो, तशी पद्धतच आहे. कलम शब्दशः धरलं तर प्रत्येक मेन्टेनर रोज उठून गैरवर्तन करत होता. ज्येष्ठ विकासक जेम्स बॉटमली यांनी हे दाखवून दुरुस्तीचे पॅच मांडले. तयार कपडा अंगावर चढवताना माप घेतलं नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

त्याहून जड आक्षेप अंमलबजावणीच्या कलमावर होता. जे मेन्टेनर ही संहिता प्रामाणिकपणे पाळणार नाहीत किंवा दुसऱ्यांकडून पाळून घेणार नाहीत, त्यांच्यावर तात्पुरती किंवा कायमची कारवाई होऊ शकते, असा त्याचा अर्थ. म्हणजे पाटकऱ्याने पाणीही सोडायचं, शिवारात कोण कोणाला काय बोललं तेही बघायचं, आणि न बघितल्यास स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडायचं. कारवाई ठरवणार तांत्रिक सल्लागार मंडळ. ते परिषदेला आलेल्या विकासकांच्या मतांनी निवडलं जाई, पण तांत्रिक सल्ल्यासाठी. न्यायनिवाडा करायला त्यांना कोणी, कधी मत दिलं, हा प्रश्न रास्त होता.

तिसरी भीती एहमके यांच्याभोवती होती. ओपल नावाच्या प्रकल्पात २०१५मध्ये एका सहभागी व्यक्तीने प्रकल्पाबाहेर, ट्विटरवर, ट्रान्स व्यक्तींबद्दल मत मांडलं आणि एहमके यांनी त्याला प्रकल्पातून दूर करण्याची मागणी केली. प्रकल्पाने ती मानली नाही. उद्या आपली बाहेरची मतंही तपासली जातील, असा अर्थ अनेकांनी काढला. संहितेचा मजकूर पाहिला तर ती प्रकल्पाच्या जागांत, आणि बाहेर जिथे कोणी प्रकल्पाचा प्रतिनिधी म्हणून बोलत असेल तिथेच लागू होते. भीतीला पूर्वोदाहरण होतं आणि मजकुरात मर्यादाही होती. त्या महिन्यात दुसरी गोष्ट वाचायला फार थोडे थांबले.

मग धमकी आली. टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने दावा केला की कर्नेलचं लायसन्स असलेल्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली फुकट दिलेला कोड लेखक परत घेऊ शकतो, आणि संहितेखाली हाकलले गेलेल्यांनी तो परत घ्यावा. हे खरं ठरलं असतं तर जगभरातले सर्व्हर कायद्याच्या टांगत्या तलवारीखाली आले असते. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने काही दिवसांतच लायसन्सची कलमं उलगडून दाखवून हा दावा खोडला आणि आपल्या मार्गदर्शक ग्रंथात त्यावर खास मजकूर घातला. एरिक रेमंड यांनी २३ सप्टेंबरला दोन्ही बाजूंना शांततेचं आवाहन करणारं लांब पत्र लिहिलं. स्वतःला या जमातीचा मानववंशशास्त्रज्ञ म्हणवणारे हे गृहस्थ धमकी गंभीरपणे घ्या असंही त्यात सांगतात, त्यामुळे आवाहनाने शांतता किती झाली, हे वाचकाने ठरवावं.

सल्लामसलत न करता संहिता आणली, हा आरोप खरा आहे. पण सल्लामसलत केली असती तर? जानेवारी २०१६मध्ये पीएचपी भाषेच्या समुदायात अँथनी फेरारा यांनी असाच प्रस्ताव उघड चर्चेला ठेवला. इतकं रान उठलं की त्यांनी तो मागे घेतला आणि पीएचपीने तेव्हा संहिता स्वीकारलीच नाही. त्याच महिन्यात रुबी भाषेत एहमके यांनी प्रस्ताव दिला, आणि भाषेचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांनी चर्चेअंती चार-पाच ओळींची साधी संहिता निवडली. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनी दोन वर्षांहून जास्त काळ मसुदे फिरवले आणि योगायोगाने त्याच सप्टेंबर २०१८मध्ये स्वीकारले. डेबियन या लिनक्स-वितरणाने तर २०१४मध्ये रीतसर मतदान घेतलं होतं. म्हणजे उघड चर्चेचे तिन्ही निकाल उपलब्ध होते: मोडणं, छोटं करणं, उशीर. सात जणांनी चौथा रस्ता धरला. एसक्यूलाइट या डेटाबेसचे रिचर्ड हिप यांनी तर सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठाचे नियमच संहिता म्हणून लावले होते. ते ऑक्टोबर २०१८मध्ये लोकांच्या ध्यानात आले, आणि आरडाओरड झाल्यावर हिप यांनी त्यांना नीतिनियम असं नाव देऊन संहिता म्हणून मोझिलाची घेतली.

कर्नेलमध्ये खरी दुरुस्ती झाली २० ऑक्टोबरला. क्रोआ-हार्टमन यांनी सात पॅचची मालिका जाहीर केली. हे मात्र उघडपणे झालं, आणि माझ्या मते या सगळ्या दफ्तरातला सर्वांत महत्त्वाचा कागद यातलाच एक आहे. ख्रिस मेसन यांनी अंमलबजावणीचं ते कलम काढून टाकलं. त्यांच्या टिपणीचा सारांश असा: हा परिच्छेद मेन्टेनरांना नियम लादायला भाग पाडतो, नाहीतर कारवाईची भीती घालतो, आणि त्यातून चुकीचा संदेश जातो. मेन्टेनरांनी स्वतः संहिता मोडू नये आणि तोडग्याला हातभार लावावा, इतकीच अपेक्षा आहे. सोळा सप्टेंबरच्या कागदावर सही करणाऱ्यांपैकीच एकाने पाच आठवड्यांत त्यातला दात काढला. तोही विरोधकांचा मुख्य मुद्दा मान्य करून. विजयाचा डंका कोणीच पिटला नाही, कारण तोवर ओरडणारे दुसऱ्या भांडणाकडे गेले होते.

मालिकेतला दुसरा मोठा कागद म्हणजे संहितेचा अर्थ सांगणारा स्वतंत्र दस्तऐवज. सार्वजनिक ईमेल पत्त्यांचा प्रश्न त्यात मिटवला. तक्रारी ऐकायला वेगळी समिती आली. तिच्यासोबत मध्यस्थ म्हणून मिशी चौधरी यांचं नाव नोंदलं गेलं. भारतात डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या एसएफएलसी डॉट इन या संस्थेच्या त्या संस्थापक, व्यवसायाने वकील. प्रोग्रॅमर नसलेली, कायदा जाणणारी व्यक्ती बसवणं हा छोटा बदल नव्हे. समितीचा निर्णय सल्लागार मंडळ दोन-तृतीयांश मतांनी फिरवू शकेल, आणि फिरवला तर कोणी कसं मत दिलं ते नावानिशी जाहीर होईल. समितीने ठरावीक काळाने, नावं न सांगता, किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं याचा अहवाल द्यायचा. कोणाच्या हाती दार आहे आणि त्याच्यावर नजर कोणाची, या प्रश्नाला कर्नेलमध्ये पहिल्यांदा लेखी उत्तर मिळालं. वागणुकीच्या यादीतले शब्द फारसे हलले नाहीत. हललं ते अधिकाराचं प्रकरण.

२२ ऑक्टोबरला क्रोआ-हार्टमन यांनी ४.१९ आवृत्ती प्रसिद्ध केली आणि कर्नेलच्या चाव्या टोरवाल्ड्सना परत दिल्या. एडिंबरोची बैठक त्याच दिवशी होती. मधल्या काळात टोरवाल्ड्सनी बीबीसीला सांगितलं होतं की आपल्या जाणाऱ्या ईमेलला त्यांनी गाळणी लावली आहे, शिवी असली की पत्र जातच नाही. त्याच २२ तारखेला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी प्रेमळ संवादाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, आणि ती संहिता नाही हे आवर्जून सांगितलं: शिक्षेची भाषा नको, माणसांना चांगलं बोलायला शिकवू या. स्टॉलमनसारख्या हट्टी माणसाने मऊपणाचा पक्ष घ्यावा, हीही त्या ऑक्टोबरची गंमत.

त्या अर्थनिर्णयाच्या दस्तऐवजात एक कलम आहे, ते संहितेआधीच्या मजकुराबद्दल. जुन्या कोडमधली अपशब्दांची भाषा संहितेचा भंग मानली जाणार नाही, पण ती उणीव मानता येईल, आणि कोणी पॅच पाठवला तर ती लवकर दुरुस्त होईल. ३० नोव्हेंबरला यार्को साक्किनेन यांनी खरोखरच पंधरा पॅच पाठवले. कोडमधल्या टिपांत जिथे जिथे तो प्रसिद्ध इंग्रजी अपशब्द होता, तिथे त्यांनी ‘हग’, म्हणजे मिठी, हा शब्द घातला. परिणामी हार्डवेअरच्या चुकांवर चिडून लिहिलेल्या टिपा मिठ्यांनी भरून गेल्या आणि वाचणाऱ्याला काहीच कळेना. कॉर्बेट यांनी कलम दाखवलं, बाकीच्यांनी हसून घेतलं, मालिका स्वीकारली गेली नाही.

पुढची काही वर्षं हे दफ्तर शांत आहे. शांत म्हणजे भांडणं नाहीत असं नाही. ती समितीच्या बंद पाकिटात गेली आणि बाहेर फक्त गोळाबेरीज आली. विरोधकांनी ज्या लोंढ्याने लोक सोडून जातील असं भाकीत केलं होतं, तो आला नाही. समर्थकांना जो नवा मोकळा समुदाय दिसत होता, त्याचाही पुरावा या कागदांत शोधावा लागतो.

दार कोणाच्या हाती, हा प्रश्न नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा वर आला. बीकॅशएफएस या फाइलव्यवस्थेचे लेखक केंट ओव्हरस्ट्रीट यांनी एका सहविकासकाला उद्देशून वापरलेल्या भाषेवरून तक्रार झाली. समितीने जाहीर माफी मागितली जावी असं सुचवलं, ती आली नाही, आणि समिती व मंडळाने ६.१३ आवृत्तीच्या चक्रापुरता त्यांचा सहभाग रोखला. निर्णय समितीच्या वतीने शुआ खान यांनी उघड पत्राने कळवला. त्याच महिन्यात खान यांनी दस्तऐवजात भर घालणारा एक पॅच मांडला: गैरवर्तन झाल्यास आधी खासगीत बोलणं, मग जाहीर माफीची मागणी, मग ठरावीक काळाची बंदी, तिचा आवाका किती, आणि बंदीसाठी मंडळाची दोन-तृतीयांश मतं. २०१८ला मेन्टेनरांच्या डोक्यावरून काढलेलं कारवाईचं कलम सहा वर्षांनी परत आलं. या वेळी ते समितीच्या नावे होतं, पायऱ्या लिहिलेल्या होत्या, आणि पॅच म्हणून सर्वांपुढे ठेवलेलं होतं. त्यावर लगेच हरकती आल्या.